मंगळवारपर्यंत तपकिरी

लंडनच्या नदीकाठी, आमच्या रॉदरहाइदमध्ये, मिसेस कॉटरिलबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती सांगताना सगळे आवाज खाली आणतात. मिसेस कॉटरिल ज्याच्या कपड्याला हात लावते, तो आठवड्याच्या आत मरतो. शिंपले विकणारी मिसेस बग ही गोष्ट सगळ्यांत छान सांगते. आधी इकडेतिकडे बघते, मग नाक ओढते, मग म्हणते, "हात बघितलेस तिचे? कोपरापर्यंत काळे. साबणाने जातात का बघ. नाही जायचे, बाई. मरणाशी मिळवलेले हात आहेत ते." आणि सुरीने एक शिंपला उघडते, टक्. त्या टक्ने अंगावर काटा येतो, गोष्टीने नाही.

खरं म्हणजे सगळं उलटं आहे. माणूस आधी मरतो आणि मग त्याच्या घरचे कपडे मिसेस कॉटरिलकडे येतात. कारण त्या गॅडस्बीच्या कपडे रंगवायच्या दुकानात आहेत, गेली सदतीस वर्षं, आणि आमच्या दुकानाचा निम्मा धंदा दुखवट्याच्या काळ्या रंगावर चालतो. घरात कुणी गेलं की पडदे ओढायच्या आधी आमच्याकडे गाठोडं येतं. हात काळे आहेत ते रोज कढई ढवळून. डावा तर काळाही नाही, निळा आहे, पण निळ्याची गोष्ट होत नाही. आणि मरण त्यांच्याबरोबर चालतं असं कुणी म्हणेल, तर मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत किती वेळा चालले आहे. त्यांच्या हातात कागदाच्या पुडीत उकडलेल्या समुद्री गोगलगायी असतात, व्हिनेगर मारलेल्या, आणि मला त्या एकसुद्धा देत नाहीत.

मी तिथे तीन वर्षं आहे. गाठोडी बांधते, चिठ्ठ्या लावते आणि गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करते. सोळा वर्षांच्या मुलीला वाफेच्या खोलीत दुसरी करमणूक नाही.

मिसेस कॉटरिल गिऱ्हाइकाकडे फार बघत नाहीत, कपड्याकडे बघतात. एकदा एका पाद्र्याचा कोट त्यांनी उलटा केला, खिशाचं अस्तर हुंगलं आणि त्याला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला सांगा, तपकीर दुसऱ्या खिशात ठेवत जा म्हणावं." तो पाद्री आजतागायत परत आलेला नाही. शिवण कुणी उसवली, डाव्या हाताने की उजव्या, बाई जिना चढताना कुठल्या कठड्याला टेकते, जेवताना कुठल्या बाजूला सांडते, सगळं त्या वाचतात. आणि प्रत्येक काळ्या कामाला, कुणीही आणलेलं असो, स्वतः पुढे येऊन एकच प्रश्न विचारतात. "कोण गेलं?" उत्तर चिठ्ठीवर लिहितात. मी समजायचे की हा दुकानाचा नियम आहे. दुकानाचा नव्हता. त्यांचा होता.

स्वतः मात्र त्या कधीच काळं घालत नाहीत. नवरा नदीत बुडाला तेव्हाही करडं घातलं, आणि सगळी गल्ली दोन वर्षं त्यावर बोलत होती.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट, १८८५ची. दहा तारीख, मंगळवार. धुकं इतकं दाट आणि पिवळं होतं की दुपारीच दिवे लावले होते, आणि नदीवरची भोंग्यांची ओरड एखाद्या आजारी गाईसारखी चालली होती. टॅमझिन आली. ही पॅराडाइज रस्त्यावरच्या स्ट्रूडांची मोलकरीण. चेहरा नेहमी आत्ताच कुणी रागावल्यासारखा. तिने काउंटरवर एक तपकिरी लोकरी पोशाख ठेवला.

"काळा करायचाय. शनिवारपर्यंत. चमक अजिबात नको म्हणाल्यात मिस ड्रुसिला, आणि घेराला वीतभर क्रेपची काळी पट्टी."

मिसेस कॉटरिल पुढे आल्या. "कोण गेलं?"

"मावशी. मिस ड्रुसिलाची. मार्गेटला असायची."

"कधी?"

टॅमझिनने जरा विचार केला. "ते नाही सांगितलं."

ती गेल्यावर मी लगेच सुरू झाले, "ते नाऽऽही सांगितलं", खालचा ओठ लोंबवून. मिसेस कॉटरिल हसल्या नाहीत. पोशाख त्यांनी खिडकीशी नेला, बाहेरून आतून फिरवला, आणि बराच वेळ कमरेच्या शिवणीवर अंगठा फिरवत राहिल्या.

"केझी, मावशीसाठी क्रेप किती?"

हे तर दुकानातल्या मांजरालाही पाठ. "नावापुरता. तीन महिने, आणि चमक चालते."

"आणि वीतभर?"

"बहिणीसाठी. नाहीतर भावजयीसाठी."

"ड्रुसिला स्ट्रूड ही बाई मी चर्चमध्ये सोळा वर्षं बघतेय. हातमोज्याचं बटण चुकलं तर प्रार्थना सोडून घरी जाईल. ती मावशीला भावजयीचा क्रेप लावेल?"

स्ट्रूडांच्या घरात माणसं तीन. कॅप्टन स्ट्रूड, जो लाकडाचं जहाज घेऊन रीगाला गेला होता आणि डिसेंबरशिवाय येणार नव्हता. त्याची अविवाहित बहीण ड्रुसिला, जिने सोळा वर्षं ते घर चालवलं. आणि एमिलीन, जिच्याशी कॅप्टनने वसंतात लग्न केलं. लग्नाच्या दिवशी ड्रुसिलाने किल्ल्यांचा जुडगा नव्या नवरीच्या हातात दिला, हे साऱ्या गल्लीने पाहिलं होतं. ऑगस्टपासून एमिलीनची तब्येत बिघडली, आणि किल्ल्या परत ड्रुसिलाच्या कमरेला आल्या.

"हा पोशाख ड्रुसिलाचा नाही," मिसेस कॉटरिल म्हणाल्या. "बघ. ही उंच बाई आहे. जुन्या चिखलाची रेघ इथे आहे, आणि नवा टाका चार बोटं वर घातलाय. कमर दोनदा आत घेतलीय, दोन वेगळे दोरे, दोन्ही या सहा महिन्यांतले. म्हणजे जिचा आहे ती वाळत चाललीय. आणि आता परवा कुणीतरी तीच कमर उसवून सैल केलीय. बाहीला आंबट वास आहे, धुऊनही गेला नाही. उलटीचा."

"मग एमिलीनने जुना पोशाख नणंदेला दिला असेल."

"नोव्हेंबरात? आजारी बाई आपला एकुलता एक लोकरी पोशाख देते?" त्यांनी घडी घातली. "हा काळा होऊन ड्रुसिला घालणार आहे. एमिलीनसाठी. आणि एमिलीन अजून जिवंत आहे."

वाफेने खिडकीवरून एक थेंब ओघळला.

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे सदतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. दुकानात नव्या होत्या तेव्हा एका माणसाने हातमोजे आणि टोपीची फीत काळी करायला दिली. कोण गेलं, असं मालकाने सहज विचारलं. सासू, म्हणाला. चौथ्या दिवशी त्याची बायको गेली. अंत्ययात्रा दुकानावरून गेली तेव्हा सासू शवपेटीमागे चालत होती, ठणठणीत. "मी दारात उभी होते," मिसेस कॉटरिल म्हणाल्या. "चौदा वर्षांची. मालकाकडे बघितलं. मालक आपले रंग मोजत होते. मी गप्प बसले."

बुधवारी त्या ठाण्यावर गेल्या. मीही गेले. सार्जंट मुडी हा मिशीतून बोलतो, आणि एक शब्द बाहेर पडायला दुसऱ्याने ढकलावं लागतं. "मिसेस... कॉटरिल. तुम्ही म्हणताय, की एका... पोशाखावरून मी एका... प्रतिष्ठित बाईला. हं?"

"अटक करा म्हणत नाही. डॉक्टरला पाठवा."

"डॉक्टर इंगल रोज जातात तिथे. पोटाचा ताप आहे, असं त्यांचं... मत आहे. तुमचं मत कशाचं? लोकरीचं." आणि स्वतःच्या विनोदावर तो इतका खूश झाला की मिशी वर गेली आणि ओठ दिसला. ती दुर्मीळ गोष्ट आहे.

दुकानात परत आल्यावर मिसेस कॉटरिलनी तो तपकिरी पोशाख कढईच्या खोलीत खुंटीला अडकवला, आणि माझ्याकडे वळल्या.

"हा काळा होणार नाही. आणि हा काळा होत नाही तोवर ती बाई मरणार नाही."

मी हसले. खरंच हसले. "बाई, विष घालणारी माणसं रंगाऱ्याची वाट बघत नाहीत."

"ही बघेल."

"पैज."

त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं. तिथे साबणवाल्याने फुकट दिलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर आधीच लटकत होतं. "हरलीस तर ईस्टरपर्यंत नकला बंद. माझी नाही, मुडीची नाही, कुणाचीच नाही."

"आणि तुम्ही हरलात तर वर्षभर कढया तुम्ही घासायच्या."

"घासेन."

हात मिळवला. कढया घासायला लागणार नाहीत म्हणून मी दिवसभर खूश होते. संध्याकाळी घरी जाताना, धुक्यात एका हाताने भिंत चाचपत, माझ्या लक्षात आलं की मी पैज जिंकायची म्हणजे काय व्हायचं.

शुक्रवारी टॅमझिन आली. "मिस ड्रुसिला विचारतायत, उद्या नक्की ना?"

"धुक्याने कापड रंग धरत नाही," मिसेस कॉटरिल म्हणाल्या. "मंगळवार."

"त्या रागावतील."

"रागावू दे. तुझ्या बाईसाहेब कशा आहेत?"

"बुधवारपर्यंत अगदी गेलेल्याच होत्या. काल मात्र भात राहिला पोटात." टॅमझिनने खांदे उडवले. "मिस ड्रुसिला म्हणतात, असं वरखाली होतच असतं. मंगळवार सांगू ना मग?"

"मंगळवार सांग. बारीक काम आहे म्हणावं, घाईत डाग राहिला तर थडग्यापाशी सगळ्यांना दिसेल."

ती गेली. मी खुंटीकडे बघितलं. खोलीत वारा नव्हता, पण वाफेने तो पोशाख हळूहळू फिरायचा, पाठ, पोट, पाठ, जणू आरशासमोर कुणी. शनिवारी दिवसभर मी चर्चच्या घंटेकडे कान लावून बसले. बाई गेली की आमच्याकडे सहा टोले पडतात, मग वयाचे. एमिलीन सव्वीस वर्षांची होती. दुपारी घंटा झाली, मी मोजलं. नऊ टोले, म्हणजे पुरुष, मग सत्तर. कुणीतरी म्हातारा. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. रविवारी काहीच वाजलं नाही, नेहमीच्या प्रार्थनेशिवाय, आणि ड्रुसिला आपल्या बाकावर एकटी बसून सगळ्यांना सांगत होती, "देवाच्या हातात आहे. आपण तयार असावं."

सोमवारी मिसेस कॉटरिलनी टाचण्यांची डबी घेतली, तपकिरी पोशाख हातावर टाकला आणि मला म्हणाल्या, "चल. उकळायच्या आधी माप घ्यायचंय. लोकर आकसते."

दार ड्रुसिलानेच उघडलं. बुटकी, भरलेली, केसांत एकही केस वाकडा नाही. तिचा आवाज गोड आहे आणि कधी चढत नाही. एखाद्याला दूध पाजताना बोलावं तसं ती सगळ्यांशी बोलते. "अजून तपकिरीच का, मिसेस कॉटरिल? मला फार काळजी लागलीय हो."

"एकदा अंगावर बघते. मग उद्या संध्याकाळी तयार."

"मोठा आरसा एमिलीनच्या खोलीतच आहे," ड्रुसिला म्हणाली. "चालेल. ती झोपलीय."

ती झोपलेली नव्हती. उशीवर फक्त डोळे दिसत होते, बाकी सगळं उशीच्या रंगाचं. टेबलावर साबुदाण्याच्या खिरीचा वाडगा, चमचा आत उभा. ड्रुसिला पडद्याआड कपडे बदलून आली आणि आरशासमोर उभी राहिली. मिसेस कॉटरिल गुडघ्यांवर बसून टाचण्या लावू लागल्या. आणि पलंगावरून आवाज आला, कागद सरकावा इतकाच.

"ड्रुसिला. तो माझा आहे ना?"

"तुझाच, राणी. तुला फार सैल होतो आता." ड्रुसिलाने आरशात स्वतःची पाठ बघितली. "वाया कशाला घालवायचा? मिसेस कॉटरिल, क्रेप इथवर येईल ना? इथवरच असतो ना?"

"इथवरच," मिसेस कॉटरिल टाचण्या तोंडात धरून म्हणाल्या.

मग त्यांनी एक टाचणी काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "केझी, कात्री विसरलीस. खाली जा." कात्री त्यांच्याच कमरेला लटकत होती.

खाली येईपर्यंत मला कळलं, ड्रुसिलाला खोलीबाहेर काढायचंय. आम्ही वर येताना जिन्यात ड्रुसिलाने रडगाणं गायलं होतं की धुक्यामुळे चार दिवस कोळसेवाला फिरकला नाही, आणि तळघराची किल्ली तिच्याच जुडग्यात होती. मी मागच्या दाराने गल्लीत गेले. धुक्यात मला माझेच हात दिसत नव्हते. आमचा कोळसेवाला जेब, त्याची हाक कोळशाच्या पोत्यासारखीच आहे, जड सुरू होते आणि शेवटी सांडते. मी छाती भरून घेतली. "कोळसाऽऽ, घ्या बाई कोऽळसाऽऽ", आणि शेवटी त्याचा तो खोकला, तीन ठसके आणि एक थुंकी.

वर खिडकी उघडली. "थांब रे, जेब. जाऊ नकोस, आलेच मी."

मी गल्लीभर हाक फिरवत राहिले, थोडी पुढे, थोडी मागे. किल्ल्या खुळखुळत तळघरापाशी आल्या, मग गल्लीत आल्या. "जेब? कुठे आहेस?" तो गोड आवाज धुक्यात माझ्यापासून दोन हातांवर होता. मी भिंतीला चिकटून उभी होते. "जेब," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाजात दूध नव्हतं. मग पावलं परत गेली.

तेवढ्या वेळात वर जे झालं ते मिसेस कॉटरिलनी मला वाटेत सांगितलं. रुमाल खिरीत बुडवून पिळून खिशात घातला. एमिलीनच्या हातात दोन कोरडी बिस्किटं दिली आणि कानात सांगितलं की उद्या सकाळपर्यंत या घरातलं काही तोंडात घालू नका, ओतून द्या, झोपेचं सोंग घ्या. एमिलीनने बिस्किटं पांघरुणाखाली घेतली, आणि म्हणाली, "मला वाटलं, मलाच वेड लागलंय."

दुकानात आल्यावर मिसेस कॉटरिलनी तांब्याच्या दोन पट्ट्या घासून चकचकीत केल्या. काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा हिरवा रंग तपासायला एक रसायनवाला आला होता, त्याच्याकडून त्या हे शिकल्या होत्या. हिरव्या रंगात सोमल असतो, आणि कितीतरी पोरी त्याने आजारी पडल्या होत्या. एक पट्टी त्यांनी नुसत्या तेजाबात उकळली.

"खीर कुठे घातलीत?" मी विचारलं.

"आधी तेजाब. त्यातच सोमल असला तर मी एका बाईला फुकट फासावर चढवेन."

पट्टी लाल ती लालच राहिली. मग दुसरी, रुमालाच्या तुकड्यासकट. आम्ही दोघी वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग कडेने एक करडी सावली चढली, जशी संध्याकाळ चढते, आणि हळूहळू सबंध पट्टी काळी झाली. आमच्या कढईत इतका चांगला मंद काळा कधी उतरला नव्हता.

"तांब्याने दुखवटा धरला," मिसेस कॉटरिल म्हणाल्या, आणि टोपी घातली.

डॉक्टर इंगल जेवायला बसत होते. त्यांनी पट्टी दिव्यापाशी धरली, मग काटा खाली ठेवला आणि जेवण तसंच टाकून उठले. पोटाच्या तापाबद्दल चकार शब्द काढला नाही. डॉक्टर आल्यावर सार्जंट मुडीचे शब्दसुद्धा भराभर बाहेर पडले. आम्ही चौघं पॅराडाइज रस्त्यावर पोहोचलो तेव्हा सात वाजायचे होते. मिसेस कॉटरिल पुढे होत्या, हातावर कागदात गुंडाळलेला पोशाख. दार उघडलं. ड्रुसिलाने सार्जंटकडे बघितलंच नाही, डॉक्टरकडेही नाही. गाठोड्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"झाला का?"

"नाही," मिसेस कॉटरिल म्हणाल्या.

सोमल तिच्या शिवणाच्या डब्यात मिळाला, बटणांच्या खाली. एमिलीन वाचली. नाताळात काठी घेऊन दुकानापर्यंत चालत आली, आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला होता, तिच्या मानाने फार जड.

पण पैजेचं अजून ठरायचं होतं. मी म्हणत होते की एमिलीन त्या दिवसांत वाचली ती योगायोगाने, खिरीत कमी पडलं असेल, डॉक्टर रोज येत होते म्हणून ड्रुसिला घाबरली असेल. त्याच आठवड्यात, गुरुवारी, सार्जंट मुडी ड्रुसिलाचा जबाब सांगायला स्वतः दुकानात आला, आणि टोपी काढून उभा राहिला. मिसेस कॉटरिलसमोर त्याने टोपी काढलेली ती पहिलीच वेळ.

"मी विचारलं," तो म्हणाला, "की बुधवारनंतर तिने... हात का आखडता घेतला. म्हणाली, पोशाख आधी शनिवारी मिळणार होता, मग मंगळवारी. तोवर थोडंथोडंच दिलं. म्हणाली, 'तपकिरी कपड्यात मी थडग्यापाशी उभी राहिले असते, तर लोकांनी मला काय म्हटलं असतं?'"

कढईखाली लाकूड फुटलं. मिसेस कॉटरिलनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, मुडीची मिशी ओठांवर आलीच होती, आणि त्यांनी आपलं काळं बोट वर केलं.

मी तोंड मिटलं. मग जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. ईस्टर दरवर्षी सरकतो, आणि या वर्षी तो पंचवीस एप्रिलला आहे. त्याहून उशिरा तो येऊच शकत नाही.